चौतिसावी ओळ

सुभानपुरा, बडोदे
२ मार्च २०२५

प्रिय अनुप,

तेराव्याला तुझा फोन आला तेव्हा सगळं व्यवस्थित पार पडलं, एवढंच मी म्हणाले. फोनवर मला इतकंच जमतं. मी गप्प झाले की तुला वाटतं लाइन तुटली, आणि तू ‘हॅलो, हॅलो’ करत राहतोस. म्हणून हे पत्र. कॅनडाला टपाल पोचायला दोन आठवडे लागतात असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. मला ते बरंच वाटलं.

बाबांच्या वह्यांचं काय करू असं मी विचारलं होतं, त्यावर तू ‘रद्दीत दे, ताई’ असं लिहिलंस. पस्तीवाला गुरुवारी दारात आला होता. ‘आजे नथी’ सांगून मी त्याला परत पाठवलं. वह्या अजून पलंगाखालच्या पेटीत आहेत. मी फक्त वरची चादर काढली आहे.

शेवटच्या चार दिवसांबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी लिहिते. दवाखान्यात रूपाली नावाची नर्स होती. फॉर्म भरताना तिने बाबांना जन्मतारीख विचारली. त्यांनी सांगितली आणि मग तिची विचारली. ती म्हणाली, २१ जून १९९८. बाबा डोळे मिटून पडले. तिला वाटलं झोप लागली. संध्याकाळी ती सलाइन बदलायला आली तर म्हणाले, ‘२१०६१९९८. अठरानं नि:शेष भाग जातो. तुझी संख्या उतू जाणारी आहे, बेटा. सगळ्यांना वाटून वर उरेल.’ ती हसली, म्हणाली, मग मला हे लिहून द्या. बाबा म्हणाले, ‘कार्ड पडताळल्याशिवाय देता येत नाही. नीरा पडताळेल, मग.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

नऊ तारखेला सकाळी गेले. रूपालीने त्यांचे डोळे मिटले.

— ताई

सुभानपुरा
२३ मार्च २०२५

प्रिय अनुप,

पेटी उघडली. वर तुझं कार्ड होतं. तू ताटाखाली सरकवून गेला होतास, तेच. कोपऱ्याला आमटीचा डाग अजून आहे.

तू हे सगळं विसरायचा प्रयत्न केला असशील, म्हणून आठवण देते. आपल्या नात्यात, ओळखीत मूल झालं की लोक पत्रिका करायला जात आणि बाबा त्या मुलाचं कार्ड करत. जन्मतारखेचा दिवस, महिना आणि वर्ष सलग लिहून जी आठ आकडी संख्या होईल, तिची पूर्ण ओळख. सम की विषम. कशाकशाने भाग जातो. स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज किती. बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर ती तुटीची, जास्त आली तर उतू जाणारी, आणि सहासारखी तंतोतंत जुळली तर परिपूर्ण. परिपूर्ण कोणीच निघालं नाही. बाबा म्हणायचे, शोधतोय, पण अपेक्षा ठेवत नाही. खाली शेरा, आणि अगदी तळाला ‘पडताळणी’ अशी एक ओळ. तिच्यावर दुसऱ्या माणसाची सही झाल्याशिवाय कार्ड घराबाहेर जात नसे. कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तीच रीत होती, एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने पडताळायचं.

माझी १२०६१९६८. अठ्ठेचाळीसने भाग जाणारी, चांगलीच उतू जाणारी. मला ते फारसं आवडलं नव्हतं. तुझी १४१०१९७३, आणि शेरा: ‘मूळ संख्या. एक आणि स्वतः, याशिवाय कोणाचाही भाग लागत नाही.’ तू सात वर्षांचा झालास त्या दिवशी बाबांनी ते तुला वाचून दाखवलं. तू कंपासपेटीवर खिळ्याने ती संख्या कोरलीस. कोणी मारलं तरी रडायचा नाहीस. म्हणायचास, मला कोणाचाच भाग लागत नाही.

आता मुद्द्याचं. कार्डाखाली एक जाड वही होती. तिच्यावर ‘बस’ असं लिहिलं आहे. मला वाटलं बसच्या वेळा असतील. आत तुझी संख्या आहे. ९ जून १९८० पासून ११ ऑक्टोबरपर्यंत. २ ने भागली, बाकी १. ३ ने भागली, बाकी २. ५ ने, बाकी ३. ७ ने, बाकी ४. मूळ संख्या आहे का हे ठरवायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. तुझं वर्गमूळ ३७५५ च्या जरा पुढे. शेवटचा भागाकार ३७३९ चा आहे, बाकी २२०४. रोज पाच. सकाळचे तीन निळ्या शाईत, संध्याकाळचे दोन पेन्सिलीत. कंपनीच्या बसमध्ये, नंदेसरीला जाता-येता. खड्डा आला की आकडा ओळीबाहेर गेला आहे. मग तो खोडून पुन्हा नीट लिहिला आहे.

आपण त्यांना घरी कधी भागताना पाहिलं नाही, ते यामुळे. घरी आले की ते भाजी आणायला जायचे.

तुझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवून तू जेवायच्या वेळी घरी आलास. तुझा चेहरा उतरलेला होता. पाहुणे होते, आई वाढत होती. तू म्हणालास, ‘बाबा, १०१३ नी भाग जातो.’ बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला. बाकी शून्य. तू विचारलंस, ‘तुम्ही भागून पाहिलं होतं का?’ तू तीनदा विचारलंस. मग म्हणालास, ‘म्हणजे न भागताच लिहिलंत. मूळ हवी होती म्हणून मूळ लिहिलंत.’

बाबा एवढंच म्हणाले, ‘जेव.’

तू जेवला नाहीस. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं तू याच घरात राहिलास आणि त्यांच्याशी कामापुरतं बोललास. मग कॅनडा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्यासमोर आहे. भागून पाहिलं होतं. मी मोजले. पाचशे एकवीस वेळा.

१०१३ चा भागाकार मात्र वहीत नाही. १००९ चा आहे, बाकी १८९. पुढे लगेच १०१९, बाकी ३२. त्याबद्दल नंतर लिहीन.

उद्यापासून मी तुझी संख्या भागायला घेते आहे. सकाळी लॅबला जायच्या आधी तीन, आल्यावर दोन.

— ताई

सुभानपुरा
२० एप्रिल २०२५

प्रिय अनुप,

‘पत्रं मिळाली’ असा तुझा मेसेज आला. ठीक आहे.

काल एकशे पस्तिसावा भागाकार झाला. ७६१, बाकी ६४३. मी चौतीस वर्षं रक्त तपासते आहे. पूर्वी काचेखाली पेशी मोजायचो, आता यंत्र मोजतं. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये पन्नास लाखांच्या आसपास तांबड्या पेशी असतात. म्हणजे तुझ्या संख्येइतक्या पेशी एका इवल्याशा थेंबात मावतील. हे मला आधीही माहीत होतं. पण रोज तोच आकडा हाताने लिहिताना काहीतरी वेगळं होतं. दर वेळी बाकी नवी येते. कुठून येते? मी ठरवत नाही, बाबांनीही ठरवली नव्हती. माझी बाकी आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीची बसमधली बाकी तीच निघते. आज सकाळी मी त्यांची वही उघडली. तिथे ६४३. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघत बसले. लॅबला उशीर झाला. तिथल्या हार्दिकने विचारलं, ‘नीराबेन, तबियत?’ मी म्हटलं, सारी छे.

गेल्या रविवारी वासण्याला दत्ताजीरावकाकांकडे जाऊन आले. बाबांच्या शेजारच्या सीटवर बसून ते सव्वीस वर्षं नंदेसरीला गेले. आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, बोलणं पूर्वीसारखंच. बसच्या वहीचं विचारलं तर हसायला लागले. म्हणाले, सगळ्या बसला ठाऊक होतं. ड्रायव्हर छाणीच्या फाटकाशी थांबला की मागे वळून विचारायचा, ‘सदानंदभाई, आजे केटला?’ बाबा सांगायचे, तीन. तीनचे चार कधी झाले नाहीत. काका चिडवायचे की पोरगा नोकरीला लागेल, तुझा भागाकार संपायचा नाही. ज्या दिवशी संपला त्या दिवशी बाबांनी बसमध्ये पेढे वाटले. आपल्याला घरी कुणाला पेढा मिळाला नाही.

मग काकांनी विचारलं, ‘दुसरं कार्ड गेलं का अनुपला?’

मी विचारलं, कुठलं दुसरं?

‘तुझा बाप गाढव होता, नीरा,’ ते म्हणाले. ‘पाचशे भागाकार करील, पण घरातल्या माणसाला एक वाक्य बोलायचं नाही. पोरगं कॅनडाला गेल्यावर कार्ड नव्यानं केलंन. मला दाखवलंन. मी म्हटलं, टाक पोस्टात. तर म्हणे, पडताळणी व्हायची आहे. मी म्हटलं, मग दे नीराला. तर म्हणे, तिला देता येत नाही.’

का, असं मी विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

‘ते बोलला नाही. मी म्हटलं, आण इकडे, मी करतो सही. तर म्हणे, दत्ताजीराव, तुम्ही बसमध्ये सात नि आठ सोळा म्हणालात.’

हे सांगून ते पुष्कळ हसले आणि मग रुमाल शोधू लागले.

तिला का देता येत नाही, ते मला माहीत आहे. घरी आल्यापासून मी ते लिहायला बसते आणि भागाकार करून उठते. मूळ संख्यांच्या तक्त्याची वही पेटीच्या तळाशी आहे. ती मी अजून उघडलेली नाही.

— ताई

सुभानपुरा
१२ जून २०२५

प्रिय अनुप,

आज मला सत्तावन्न पूर्ण झाली. तुझा मेसेज मिळाला. आता जे लिहिते आहे ते एकदा वाचून ठेवून दे. लगेच उत्तर लिहू नकोस.

१९८० च्या मे महिन्याच्या सुट्टीत बाबांनी मला एक काम दिलं. त्यांनी सुट्या कागदांवर मूळ संख्या काढल्या होत्या, २ पासून पाच हजार सहाशेपर्यंत. माझं अक्षर चांगलं म्हणून ते कागद वहीत उतरवायचे. एका पानावर चौतीस ओळी, पाच रकाने, म्हणजे एकशे सत्तर संख्या. उतरवून झालं की कागद आणि वही शेजारी ठेवून, एकेक रकाना बोट ठेवून जुळवायचा. मगच कागद फाडायचे. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पहिल्या पानाच्या पाचव्या रकान्यात तेहेतिसाव्या ओळीवर १००९ लिहिला आणि आईने कुरडया वाळत घालायला हाक मारली. गच्चीवरून आल्यावर मी पान उलटलं आणि पुढच्या पानावर १०१९ पासून सुरुवात केली. चौतिसावी ओळ तशीच राहिली. ती जागा १०१३ ची होती.

ही चूक झाली. चूक कोणाचीही होते. पण मी जुळवलं नाही. कंटाळा आला होता. मी कागद फाडले आणि बाबांना वही दिली. ऑक्टोबरमध्ये तुझं कार्ड पुरं झालं तेव्हा ते पडताळणीसाठी त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, ‘तक्ता जुळवला होतास ना?’

मी म्हणाले, ‘हो.’ आणि सही केली. ‘नीरा’, गोल अक्षरात. तुझ्याकडच्या कार्डावर, म्हणजे आता माझ्याकडच्या, ती आहे.

न करता केलं म्हणणारं त्या घरात एकच माणूस होतं, अनुप. तू ते बाबांना म्हणालास, पण ती मी होते.

अजून एक सांगायचं आहे, ते अधिक वाईट आहे. तू ताट सोडून गेलास त्या दिवशी, पाहुण्यांचे हात धुवून होईपर्यंत, मी आतल्या खोलीत जाऊन तक्ता उघडला होता. पहिलं पान. चौतिसावी ओळ रिकामी. मी चोवीस वर्षांची होते, लहान नव्हते. वही मिटून मी जागेवर ठेवली आणि बाहेर येऊन सुपारी दिली. मग तू रोज घरात होतास, रोज सांगता आलं असतं. आधी वाटलं, जरा शांत होऊ दे. मग वाटलं, आता शांत झालं आहे, कशाला. मग तू गेलास. २००९ मध्ये आईच्या वेळी तू आणि बाबा एका खोलीत आठ दिवस बसलात आणि मधे मी चहा ठेवत राहिले. तेव्हाही.

बाबांना कळलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले. कारण त्यानंतरही प्रत्येक कार्डाच्या पडताळणीला त्यांनी मलाच बसवलं. मी प्रत्येक आकडा तीन-तीनदा तपासायची. त्यांनी कधी सांगितलं नाही, जपून कर म्हणून.

काल तक्ता उघडला.

पहिलं पान, पाचवा रकाना, चौतिसावी ओळ. तिथे १०१३ आहे. बाबांच्या अक्षरात. बाजूला बारीक तारीख, १४-१०-९२. तीच. म्हणजे मी वही मिटून ठेवल्यावर काही तासांत त्यांनी ती उघडली होती. ‘बस’ची वही तुझ्यासमोर टाकली असती तर त्यांची बाजू तिथल्या तिथे सिद्ध झाली असती. पण तू विचारलं असतंस, मग १०१३ कसा सुटला? आणि तक्त्याचं अक्षर सगळ्या घराला माहीत होतं.

माझ्यासमोर ते तेहेतीस वर्षं जेवले. भाजीत मीठ कमी असेल तर सांगायचे. हे सांगितलं नाही.

मागच्या पानांवर त्यांनी तोवर केलेल्या सगळ्या कार्डांच्या संख्या पुन्हा १०१३ ने भागल्या आहेत. तुझी सोडून बासष्ट. एकीलाही भाग जात नाही. चूक सगळ्या कार्डांत शिरू शकली असती, ती एकाच कार्डात शिरली आणि ते तुझं होतं.

दुसरं कार्ड त्याच पानात होतं. ते पुढच्या वेळी पाठवते. आज हे एवढंच जाऊ दे.

— नीरा

सुभानपुरा
६ जुलै २०२५

प्रिय अनुप,

सोबत कार्ड आहे. पुठ्ठ्यात घालून पाठवते आहे, वाकवू नकोस.

काय लिहिलं आहे ते तू बघशीलच, पण मला लिहून काढायचं आहे. १४१०१९७३. संयुक्त. १०१३ गुणिले १३९२१, दोन्ही मूळ. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज १४९३५, म्हणजे तुटीची, फारच तुटीची. पण पहिल्या कार्डाप्रमाणे ती बेरीज फक्त १ होती, हे लक्षात घे.

पहिल्या कार्डावर एक ओळ होती जी तू कधी वाचली नसशील, मीही वाचली नव्हती. ‘दोन वर्गांची बेरीज: १६७३ चा वर्ग अधिक ३३६२ चा वर्ग. मार्ग एकच.’ ज्या मूळ संख्येला चारने भागून बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज असते, आणि तशी ती एकाच प्रकारे लिहिता येते. बाबांना तो मार्ग सापडला आणि ते थांबले, कारण मूळ संख्येला दुसरा नसतोच. नव्या कार्डावर दुसरा आहे. १५२२ चा वर्ग अधिक ३४३३ चा वर्ग. मी दोन्ही करून पाहिले. दोन्ही वेळा १४१०१९७३ आली, शेवटच्या ३ पर्यंत.

तो दुसरा मार्ग त्यांनी कसा काढला तेही बाजूला दिलं आहे. १०१३ म्हणजे २२ चा वर्ग अधिक २३ चा वर्ग. शेजारशेजारच्या दोन संख्या. १३९२१ म्हणजे १११ चा वर्ग अधिक ४० चा वर्ग. यांची आडवीतिडवी गुणाकार-बेरीज केली की एक मार्ग येतो, वजाबाकी केली की दुसरा. असं का होतं ते बाबांनी मला एकदा तांदूळ मांडून समजावलं होतं, मला नीट कळलं नव्हतं. आताही कळलेलं नाही. पण होतं. तू रागावला होतास तेव्हा, बाबा बसमध्ये होते तेव्हा, मी ‘हो’ म्हणाले तेव्हा, त्याही आधी, कोणाचाच जन्म झाला नव्हता तेव्हा, ही संख्या अशीच होती. आतून दोन रस्ते असलेली. आपण तिला मूळ म्हटलं म्हणून ती मूळ झाली नाही आणि आपण भांडलो म्हणून एक रस्ता बंद झाला नाही. मी देवाला रोज नमस्कार करते, पण अशी कधी गप्प झाले नव्हते.

शेऱ्याच्या जागी बाबांनी लिहिलं आहे: ‘आधीच्या कार्डात चूक होती. चूक माझी.’ खाली तारीख, २ ऑगस्ट १९९७. तू जाऊन महिना झाला होता.

त्या वाक्यातला शेवटचा शब्द खोटा आहे. त्यांनी लिहिलेला तेवढाच एक खोटा शब्द मला सापडला. मी तो खोडलेला नाही, दुसऱ्याच्या कार्डावर हात चालवायचा नसतो. पण तुला माहीत असावं.

तळाला ‘पडताळणी’ ओळ रिकामी आहे. तेवढ्यासाठी ते कार्ड अठ्ठावीस वर्षं वहीत पडून राहिलं. मला दिलं असतं तर मी विचारलं असतं, १०१३ कुठून आला? म्हणून मला दिलं नाही. आणि पडताळणीशिवाय कार्ड घराबाहेर जात नाही, म्हणून तुलाही पाठवलं नाही. दुसरा कोणी असता तर नियम मोडला असता.

आज मी मोडते आहे. सही न करता पाठवते आहे. माझी सही त्या ओळीवर एकदा खोटी झाली आहे, पुन्हा करणार नाही.

माझे भागाकार आज सकाळी संपले. ३७३९, बाकी २२०४. मीही पाचशे एकवीसच केले. १०१३ चा सोडला. तो तू कर. हाताने.

— ताई

सुभानपुरा
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय अनुप,

पाकीट काल मिळालं.

मी आधी पत्र शोधलं. नव्हतं. कार्ड होतं आणि एक दुमडलेला कागद. कागदावर तुझा भागाकार. तिसऱ्या पायरीला तू चुकलास, नऊचे आठ केलेस, मग काट मारून पुन्हा केलास. शेवटी बाकी शून्य, आणि त्या शून्याभोवती पेन बराच वेळ फिरवलेलं दिसतं. कागद तिथे फाटायला आला आहे.

कार्डाची ओळ मात्र तू रिकामीच ठेवलीस. बाजूला पेन्सिलीने लिहिलंस, ‘१३९२१ मूळ आहे हे कोणी पडताळलं?’

मी ते तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. बाबांनी काय केलं असतं ते मला स्पष्ट दिसलं. ते खूश झाले असते. म्हणाले असते, बरोबर विचारलंस.

कोणीच पडताळलेलं नाही. बाबांनी केलं असणार, पण दुसऱ्या माणसाने नाही. तेव्हा सही करता येणार नाही, तुझं खरं आहे.

मी हिशोब करून ठेवला आहे. १३९२१ चं वर्गमूळ ११७ च्या पुढे, ११८ च्या आत. तिथपर्यंत मूळ संख्या तीस. म्हणजे तीस भागाकार. २ पासून ४७ पर्यंतचे पंधरा माझे, ५३ पासून ११३ पर्यंतचे पंधरा तुझे. दोघांत मिळून रोज पाच केले तर सहा दिवस लागतील. जास्त करायचे नाहीत. झाले की एकमेकांचे तपासायचे, मग दोघांनी सही करायची. ओळ लांब आहे, दोन नावं बसतात.

तक्ता मी पुन्हा जुळवायला घेतला आहे, पहिल्या पानापासून, एकेक रकाना बोट ठेवून. सुटे कागद आता नाहीत, म्हणून प्रत्येक संख्या नव्याने काढते आणि मग बघते. चौथं पान चालू आहे. आणखी काही सुटलेलं नाही. रूपालीचं कार्डही केलं आहे. तेही पडताळणीसाठी थांबलं आहे, मी केलेलं मी कसं पडताळणार.

१४ ऑक्टोबरला मंगळवार आहे. मी लॅबमध्ये आठवडाभराची रजा टाकली आहे. मागची खोली झाडून ठेवली आहे, पंखा दुरुस्त केला आहे.

तक्त्याची वही एकच आहे. ती मी टपालात टाकणार नाही.

— ताई